गाण्याला दिलेले मूल

गेल्या श्रावणात आमच्या परिचयाचे एक गृहस्थ आपल्या नऊ वर्षांच्या कन्येस घेऊन आमच्या घरी आले. मुलीचा गळा गोड आहे, शाळेच्या स्नेहसंमेलनात तिला दोन वेळा बक्षीस मिळाले आहे, गायनाच्या पहिल्या दोन परीक्षा ती उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली आहे, हे सर्व सांगून झाल्यावर त्यांनी विचारले, "सर, आता पुढे काय करावे? हिला गाण्याकडे खरोखरच लावावे, की चालले आहे तेवढेच पुरे?" आम्ही इतिहासाचे अध्यापक. संगीतात आमची गती श्रोत्याच्या पायरीपलीकडे गेलेली नाही. कोणा जाणत्या गवयास मुलीचा गळा ऐकवा, एवढे सांगून आम्ही त्यांची बोळवण केली. परंतु प्रश्न मात्र त्यांच्याबरोबर गेला नाही. तो आमच्याकडेच राहिला. आपल्या लोकांत आईबापांनी मुलास गाण्याच्या स्वाधीन केले ते केव्हा, कोणत्या समजुतीने, आणि स्वाधीन केल्यानंतर स्वतः काय केले, याचा थोडा मागोवा घ्यावा असे वाटून हा लेख लिहावयास घेतला आहे.

प्रथम एका शब्दाकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. हल्ली आपण मुलास गाण्याच्या क्लासला 'घालतो'. आमच्या लहानपणी घरातील वडीलधाऱ्या माणसांच्या तोंडी दुसराच शब्द असे: अमक्याने मुलगा गाण्याला 'दिला'. मुलगी देतात, मूल दत्तक देतात, त्याच अर्थाचे हे देणे. दिलेले मूल संध्याकाळी घरी परत येत नाही. या दोन क्रियापदांत जे अंतर आहे, तेच आमच्या मते या इतिहासाचे मर्म आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पांढरपेशा गृहस्थाच्या घरी मूल गाण्याला देण्याचा प्रश्नच सहसा उद्भवत नसे. गाणे ज्यांच्या घरी होते त्यांना ते द्यावे लागत नव्हते. खाँसाहेबांचा मुलगा बापापाशीच शिके, आणि ही विद्या घराबाहेर सहजासहजी जात नसे. राहिले हरिदास, देवळातील गुरव आणि कलावंतिणींची घरे. अशा काळात ज्यांनी ग्वाल्हेरचा ख्याल महाराष्ट्रात आणून रुजविला, त्या बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे चरित्र पाहावे. १८४९ साली इचलकरंजीजवळच्या चंदूर गावी त्यांचा जन्म झाला. वडिलांना गाण्याचे अंग होते खरे, परंतु बुवांच्या शिक्षणाची कथा ही कोणी हाताला धरून नेलेल्या मुलाची कथा नाही. ती पायपिटीची कथा आहे. धारेस देवजीबुवांच्या घरी राहून ते शिकले. तेथे घरधनिणीचा रोष ओढवल्यामुळे निघावे लागले असे सांगतात. पुढे हस्सूखाँचे शागीर्द वासुदेवबुवा जोशी यांची कृपा झाली तेव्हा कुठे या भ्रमंतीस अर्थ आला. बुवांनी विद्या मिळविली ती दारोदार हिंडून. पुढे मिरजेस स्थिर झाल्यावर त्यांनी स्वतःच्या घरात शिष्यांस ठाव दिला, त्यामागे हा पूर्वानुभव असावा असे आम्हांस वाटते.

याच मिरजेत १८८७ च्या सुमारास कुरुंदवाडचा एक मुलगा बुवांकडे आला. विष्णु दिगंबर पलुसकरांची ही हकीकत मराठी वाचकांस अपरिचित नाही, तरी एका बापाच्या दृष्टीने ती पुन्हा पाहण्याजोगी आहे. वडील दिगंबरबुवा कीर्तनकार; कुरुंदवाड संस्थानचा आश्रय. मुलगा १८७२ चा. दत्तजयंतीच्या उत्सवात शोभेची दारू चेहऱ्याजवळ उडाली आणि मुलाच्या डोळ्यांस जबर इजा झाली. दृष्टी पुरती गेली नाही, परंतु पुस्तक धरून शिकण्याची वाट बंद झाली. मिरजेचे डॉक्टर भडभडे यांनी उपचार केले, आणि डोळ्यांचे काम नाही अशी विद्या म्हणून त्यांनीच गाण्याचा सल्ला दिला असे चरित्रकार नमूद करतात. मिरज संस्थानच्या अधिपतींनी मुलाच्या योगक्षेमाची तरतूद केली.

येथे क्षणभर थांबावे. दिगंबरबुवांच्या घरी ताल-स्वर नित्याचे होते. कीर्तनात मुलगा मागे उभा राहून साथ करीत असेल, त्याचा कंठ बापास ठाऊक असणारच. तरीही मुलगा गाण्याला देण्याचा विचार डोळे अधू झाल्यावर निघाला. डोळे शाबूत राहते तर विष्णूने इंग्रजी शाळेच्या इयत्ता चढाव्यात आणि एखाद्या कचेरीत चिकटावे, हेच घरच्यांनी योजिले असते असे मानण्यास जागा आहे. यात दिगंबरबुवांस दोष देण्याचा आमचा हेतू नाही. त्या पिढीचा व्यवहारच असा होता: धडधाकट मुलगा शाळेला, आणि शाळेने ज्यास दार लावले तो गाण्याला. आजही एखाद्या मुलास गणितात कमी गुण मिळाले की "याला कलेकडे वळवू या" असे उद्गार आम्ही विभागाच्या दालनात बसून ऐकतो, तेव्हा कुरुंदवाडची आठवण होते.

विष्णुबुवा मिरजेस सुमारे नऊ वर्षे शिकले आणि १८९६ साली त्यांनी मिरज सोडली. सोडण्याचे कारण म्हणून एक प्रसंग सांगतात. गावातील एका समारंभास विष्णुबुवांस आमंत्रण होते आणि प्रत्यक्ष गुरु बाळकृष्णबुवांस मात्र नव्हते. चौकशी करता, गवयास कशाला बोलवावयाचे, अशा आशयाचे उत्तर मिळाले. प्रसंगाचा तपशील कसाही असो, त्यातील बोच खरी आहे. ज्या विद्येस आपल्याला दिले तिला पाटावर बसण्याचा मान नाही, हे त्या तरुणास कळून चुकले. पुढील त्यांचे सारे आयुष्य या एका गोष्टीचे उत्तर होते म्हटले तरी चालेल.

५ मे १९०१ रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. एखाद्या संस्थानिकाच्या पदरी न राहता लोकांच्या वर्गणीवर आणि विद्यार्थ्यांच्या फीवर चालणारी ही शाळा. अभ्यासक्रम, वेळापत्रक, छापील पुस्तके, स्वरलेखन, परीक्षा, शिस्त, प्रार्थना, सर्व काही इतर शाळांसारखे. १९०८ साली मुंबईस शाखा निघाली. या घटनेने पालकाचे स्थान किती बदलले याचा विचार फारसा झालेला नाही. यापूर्वी बापास मूल द्यावे तरी लागे, नाहीतर गाण्याचे नाव तरी टाकावे लागे. आता तिसरी वाट निघाली. मुलगा शाळेतून आला की तासभर गाण्याच्या शाळेत जावा आणि दिवेलागणीस घरी यावा. मुलीनेही जावे, कोणी नावे ठेवणार नाही. गाणे प्रतिष्ठित झाले ते येथे. आमच्या घरांतून पेटी, तंबोरा आणि भजनांची पुस्तके आली, आमच्या आज्या-आत्यांना दोन राग ओळखता येऊ लागले, हे सर्व त्या तासाचे ऋण आहे. त्याची किंमत कमी लेखणाऱ्या पंडितांशी आमचे जमत नाही.

पण खुद्द विष्णुबुवांची त्या तासाविषयी काय समजूत होती? येथे त्यांचा व्यवहार फार बोलका आहे. एक तासाच्या वर्गातून कानसेन निर्माण होतील, गवई होणार नाहीत, हे ते पुरते जाणून होते. म्हणून त्यांनी त्याच छपराखाली दुसरे दार ठेवले: उपदेशक वर्ग. या वर्गातील मुलगा विद्यालयातच राही, जेवणखाण विद्यालयाचे, शिक्षण विद्यालयाचे, आणि ठराविक वर्षे मुलास परत नेणार नाही असा करार पालकांनी लिहून द्यावयाचा. म्हणजे पहिल्या दाराने मूल घालावे आणि दुसऱ्या दाराने द्यावे. या दुसऱ्या दाराने जे आत गेले त्यांत ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास ही नावे आहेत. ओंकारनाथ तर खंबायतजवळच्या जहाज गावचे, अत्यंत दारिद्र्यात वाढलेले. त्यांस मुंबईच्या विद्यालयात पोचविण्याचे पितृकर्म भडोचच्या शापुरजी मंचेरजी डुंगाजी या पारशी गृहस्थाने केले. १९१६ साली हाच मुलगा लाहोरच्या विद्यालयाचा प्राचार्य झाला, तेव्हा त्याने विशी गाठली नव्हती.

दोन दारांतील भेद विष्णुबुवांनी कागदावर लिहून घेतला होता. आम्ही पालकांनी तो पुसून टाकला. पहिल्या दाराने मूल घालावयाचे आणि दुसऱ्या दारातून जे बाहेर पडते त्याची अपेक्षा करावयाची, असा आमचा सध्याचा रिवाज आहे.

पालक आणि मूल यांची इच्छा जेथे एकमेकींविरुद्ध उभी राहते, ते प्रकरण अधिक कठीण. गदगचे गुरुराजाचार्य जोशी हे शिक्षक, विद्वान गृहस्थ. त्यांचा १९२२ साली जन्मलेला मुलगा वाजंत्री ऐकू आली की मिरवणुकीमागे जाई आणि थकून वाटेत कोठेतरी झोपी जाई. शोधून शोधून त्रासलेल्या बापाने मुलाच्या सदऱ्यावर 'जोशी मास्तरांचा मुलगा' असे लिहून ठेविले. मग लोक आपणहून त्यास घरी आणून सोडू लागले. आम्हांस ही गोष्ट मोठी हृद्य वाटते. बापाने मुलाची ओढ मोडली नाही आणि ती मान्यही केली नाही. तिच्यावर पत्ता लिहून ठेवला. १९३३ साली अकरा वर्षांचा भीमसेन मात्र पत्ता मागे टाकून गेला. ग्वाल्हेर, कलकत्ता असे करीत करीत जालंदरपर्यंत पोचला. जालंदरला वडिलांनी त्यास गाठले.

अशा वेळी बाप काय करतो ते पाहावयाचे. मुलास शाळेत बसविण्याचा हक्क गुरुराजाचार्यांस होता आणि चार लोकांनी त्यांस तोच सल्ला दिला असता. जालंदर येथे विनायकराव पटवर्धनांनी मुलास सांगितले म्हणतात, की तुझ्या घराशेजारी सवाई गंधर्व असताना तू पंजाबात काय शोधतोस? वडिलांनी १९३६ साली मुलगा कुंदगोळास सवाई गंधर्वांच्या स्वाधीन केला. तेथे प्रारंभीचा बराच काळ पाणी भरण्यात आणि घरकामात गेला, हे भीमसेनजींनीच पुढे अनेकदा सांगितले. एका शिक्षकाच्या मुलाने दुसऱ्याच्या घरी घागरी वाहाव्यात हे गुरुराजाचार्यांस कळत नव्हते असे नाही. गदग ते कुंदगोळ अंतर फार नाही. ते कळूनही त्यांनी मुलास परत आणला नाही.

त्याच वर्षी, म्हणजे १९३६ साली, दुसऱ्या एका बापाने याहून अवघड गोष्ट केली. बेळगावजवळच्या सुळेभावीचे सिद्धरामय्या कोमकळी स्वतः गाणारे. १९२४ साली झालेला त्यांचा मुलगा शिवपुत्र याने लहानपणीच गाण्यास आरंभ केला तो एकदम पुरे राग गाऊन. ग्रामोफोनच्या तबकडीवर थोर गवयाचे जे ऐकावे ते हुबेहूब उतरवावे, अशी त्याची विलक्षण शक्ती. कुमार गंधर्व ही पदवी त्यास याच बालवयात मिळाली. गावोगाव जलसे होऊ लागले आणि घराचा संसार त्यावर चालू लागला. १९३५ साली अलाहाबादच्या परिषदेत त्याने थोरामोठ्यांस थक्क केले. पुढच्या वर्षी मुंबईच्या जिना हॉलमध्ये तीच कथा.

येथे युरोपच्या इतिहासातील दोन बाप आठवल्याशिवाय राहत नाहीत. बॉन शहरच्या योहान बेथोव्हेनने १७७८ साली कोलोन येथे मुलाचा जाहीर जलसा केला तेव्हा मुलाचे वय सात असता जाहिरातीत सहा छापविले. बालकाचे वय जितके कमी तितकी गर्दी अधिक. लिओपोल्ड मोझार्ट हा त्यापेक्षा फार वरच्या दर्जाचा मनुष्य, स्वतः नामांकित शिक्षक, व्हायोलिनवरील त्याचा ग्रंथ १७५६ साली, म्हणजे मुलाच्या जन्मवर्षीच, प्रसिद्ध झालेला. त्यानेही १७६३ पासून साडेतीन वर्षे मुलांस युरोपच्या दरबारांतून हिंडविले. मुलगा मोठा झाल्यावर त्यास सोडून देणे काही लिओपोल्डला जमले नाही, आणि पितापुत्रांची पत्रे वाचताना त्या न जमण्याचे दुःख दोन्ही बाजूंनी जाणवते.

सिद्धरामय्यांनी काय केले? त्यांनी मुलगा ऑपेरा हाउसजवळच्या प्रो. बी. आर. देवधरांच्या संगीत विद्यालयात आणून सोडला. देवधर हे विष्णुबुवांचेच शिष्य, पदवीधर, आणि घराण्याघराण्यांचे गाणे मोकळ्या मनाने ऐकणारे. चालते उत्पन्न, टाळ्या, पदके, वर्तमानपत्रांतील स्तुती हे सर्व असताना बापाने कबूल केले की माझ्या मुलास गाता येते, पण तो अजून शिकलेला नाही. नक्कल आणि विद्या यांत अंतर आहे हे टाळ्यांच्या गजरात ऐकू येणे फार कठीण. कुमारजी पुढे दशकाहून अधिक काळ देवधरांपाशी राहिले. ज्या मुलाने सगळ्यांसारखे गाऊन नाव मिळविले होते, तो मोठेपणी कोणासारखेच गाईना, याचे श्रेय गुरूस आहेच, पण त्यातील एक वाटा आम्ही सुळेभावीच्या त्या बापास देतो.

आतापर्यंत आम्ही बापांचीच नावे घेतली, म्हणून आयांचे काही कमी होते असे नव्हे. उलट खरी कठोर परीक्षा तेथेच दिसते. गोमंतकातील कुर्डी गावच्या जयश्रीबाईंची मुलगी मोगू १९०४ सालची. कलावंत समाजातील घर. मुलीस गाणे येणे ही तेथे कौतुकाची बाब नव्हती, पोटाची होती. जयश्रीबाईंस मात्र पोटापलीकडचे काही हवे होते. त्यांनी मुलीस जांबावलीच्या देवळात एका हरिदासापाशी बसविले, मग चंद्रेश्वर भूतनाथ संगीत मंडळीत आणिले. १९१४ साली जयश्रीबाई वारल्या. मुलगी मोठी गायिका होईपर्यंत आपला जीव तिच्याभोवती घुटमळत राहील, अशा अर्थाचे त्यांचे अखेरचे शब्द होते असे सांगतात. दहा वर्षांच्या मुलीच्या खांद्यावर एवढे ओझे ठेवावे की नाही, याचा निवाडा करण्यास आम्ही धजत नाही. मोगूबाईंनी ते वाहिले एवढे खरे. नाटक मंडळ्या बदलल्या, अपमान सोसले. सांगलीत असताना अल्लादियाखाँसाहेबांनी त्यांचा रियाज ऐकून आपण होऊन शिकविण्यास आरंभ केला. खाँसाहेब मुंबईस गेले तेव्हा त्या मागोमाग गेल्या, मध्यंतरी इतर उस्तादांपाशी शिकत राहिल्या, आणि १९३४ साली कोठे खाँसाहेबांचा गंडा त्यांच्या हाती बांधला गेला. आईच्या मृत्यूस तेव्हा वीस वर्षे झाली होती. (ते कुर्डी गाव पुढे साळावलीच्या धरणाखाली गेले, उन्हाळ्यात पाणी ओसरले की घरांचे चौथरे वर येतात.)

मोगूबाईंपुढे मग उलटा प्रश्न आला. आपली मुलगी कोणाला द्यावयाची? किशोरीताईंचे वडील लवकर गेले. घरात गुरु आणि आई एकच. मोगूबाईंनी शिकविताना आईपण बाजूस ठेवले. स्थायी-अंतरा एकदोनदाच सांगावयाचा, तेवढ्यात तो उचलावयाचा; किशोरीताईंनी हे पुढे कित्येकदा सांगितले. आईच्या मागे तंबोऱ्यावर बसून गावोगाव फिरताना गाणाऱ्या बाईस यजमान कसे वागवितात तेही त्या मुलीने पाहिले आणि त्याचा राग जन्मभर बाळगला. इतके असूनही मोगूबाईंनी मुलीस अंजनीबाई मालपेकरांसारख्या इतर गुरूंपाशी जाऊ दिले. स्वतःचे गाणे एवढे मोठे असता मुलीने दुसऱ्याचे ऐकावे, असे म्हणणारी आई विरळा. पुढे किशोरीताईंनी आईच्या घराण्याची शिस्त मोडून स्वतःची वाट काढली, त्याबद्दल बोल लागले; पण ती वाट उघडी कोणी ठेवली होती?

एवढे थोरांविषयी लिहिल्यावर आमच्याविषयीही दोन शब्द लिहिणे प्रामाणिकपणाचे होईल. आमच्या कन्येस अकराव्या वर्षी आम्ही एका बुवांकडे नेले. त्यांनी ऐकून घेतले आणि तीन अटी सांगितल्या. तीन वर्षे परीक्षा नाही. लोकांपुढे गाणे नाही. रोज पहाटे दीड तास त्यांच्या घरी येऊन मंद्राचा रियाज. आम्ही मान डोलाविली. आठव्या महिन्यात एका नातलगाच्या मुंजीत पाहुण्यांच्या आग्रहास्तव आम्हीच तिला गावयास बसविले. बुवांस ते कळले. ते रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला पहिल्या दिवसाप्रमाणे नुसता षड्ज लावावयास सांगितले आणि महिनाभर तेच चालविले. आम्हांस तो छळ वाटला. मग नववीचे वर्ष, शिकवण्या, पहाटेची थंडी. रोजचे आठवड्यातून दोनदा झाले आणि एका दिवाळीनंतर जाणे थांबले. थांबविण्याचा दिवस कोणता, हे आज आम्हांस आठवत नाही. बुवा आता नाहीत. कन्या परगावी चांगल्या हुद्द्यावर आहे, गाणे ऐकते, गात नाही. गेल्या वर्षी आम्ही भीत भीत तिला विचारले. ती म्हणाली, "बाबा, तेव्हा मला कोणी विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं, मलाच ठाऊक नाही." ते तिला कोणी विचारले नव्हते, हेही खरे.

या लेखात आम्ही जी नावे घेतली ती यशस्वी मुलांची आहेत, हे वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. उपदेशक वर्गातून करार संपवून कितीजण एखाद्या गावी साधे गायन शिक्षक झाले, कितीजण कुंदगोळासारख्या घरी घागरी वाहून तसेच परतले, त्यांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत. आमच्याकडे आलेल्या गृहस्थांस हे सांगणे आवश्यक होते, ते आम्ही त्या दिवशी सांगितले नाही.

आणि एक हकीकत राहून गेली. ज्या विष्णुबुवांनी इतरांची इतकी मुले करारावर घेतली आणि घडविली, त्यांची स्वतःची मुले एकामागून एक दगावली. वाचला तो धाकटा, १९२१ साली नाशिक येथे जन्मलेला दत्तात्रेय. मुंबईचे विद्यालय तोवर कर्जात बुडत चालले होते. इमारत हातची गेली. २१ ऑगस्ट १९३१ रोजी विष्णुबुवा मिरजेस वारले, त्याच गावी जेथे त्यांस गाण्याला दिले होते. मुलगा दहा वर्षांचा. विनायकराव पटवर्धनांनी १९३२ साली पुण्यास गांधर्व महाविद्यालय काढले, आणि गुरुपुत्राचे शिक्षण त्यांनी व नारायणराव व्यासांनी पुरे केले. ज्यांच्या पालकांनी एके काळी कराराच्या कागदावर सही केली होती, त्यांच्याच हाती आता गुरूचे मूल आले होते. या वेळी करार कोणी लिहिला नाही. १९३५ साली जालंदरच्या हरवल्लभ मेळ्यात चौदा वर्षांचा द. वि. पलुसकर प्रथम गावयास बसला.